‘वेचाले गेली’तला ‘ले’ आणि इंग्रजीतला ‘टू’

दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मॅडमनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: ‘सहावी-सातवीची मुलं “अ हाऊस टू लिव्ह” लिहितात, “डिसिजन ऑफ गोइंग” लिहितात, “आय केम फॉर टू टेक बुक” लिहितात. मी लाल शाईने गोल करते, बरोबर वाक्य वर लिहून देते. पोरं विचारतात, “काहून मॅडम?” आणि मला सांगता येत नाही. विशेषणापुढे, नामापुढे, प्रेपोझिशनच्या शब्दसमूहापुढे हे टू लावलेलं क्रियापद कधी येतं आणि कधी नाही, याला काही धागा आहे की सगळं पाठच करायचं?’ पत्र मराठीत आहे, फक्त शेवटची ओळ इंग्रजीत: ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू, सर.’

ताई, धागा आहे. मला तो व्याकरणाच्या पुस्तकात नाही, हजेरी घेताना सापडला. दिवाळीनंतर आपल्याकडे वर्ग कसे ओस पडतात हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका सकाळी मी एका पोरीला विचारलं, ‘तुही मैत्रीण काहून नाही आली?’ ती म्हणाली, ‘ते कापूस वेचाले गेली, सर.’ मी फळ्यावर लिहिलं, ‘शी हॅज गॉन टू पिक कॉटन.’ आणि लिहिता लिहिता थांबलो. वेचाले. मले, तुले, बैलाले, वेचाले. सगळीकडे तोच ‘ले’.

प्रमाण मराठीत हेच मला, तुला, वेचायला असं होतं. म्हणजे आपण क्रियापदाचं आधी नाम करतो आणि मग त्याला माणसाला लावतो तोच चतुर्थीचा प्रत्यय लावतो. जुन्या मराठीत ‘वेचावयास’, ‘करावया’ अशी लांब रूपं होती, ती झिजून ‘वेचायला’, ‘करायला’ झाली. वऱ्हाडीने आणखी घासून ‘वेचाले’, ‘कराले’ केलं.

आता गंमत बघा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘पिणे’ला ‘ड्रिंकन’ म्हणत. पण ‘प्यायला’ म्हणायचं असेल तर त्याच शब्दाला चतुर्थीची शेपटी लावत आणि अगोदर ‘टू’ हे प्रेपोझिशन ठेवत. ते रूप ‘टो ड्रिंकेन्ने’ असं काहीसं होतं. ‘टू’चा अर्थ ‘कडे’. पिण्याकडे, म्हणजे प्यायला. पुढच्या काही शतकांत इंग्रजीने शेपट्या सगळ्या गाळल्या आणि पुढे नुसता ‘टू’ उरला. आपला ‘ले’ मागून लागतो, त्यांचा ‘टू’ पुढून. काम एकच.

एवढं कळलं की ‘फॉर टू टेक’ का चुकतं हे पोरांना एका वाक्यात सांगता येतं. ‘घ्याले’ म्हटल्यावर पुन्हा ‘साठी’ लावून कोणी ‘घ्यालेसाठी’ म्हणतं का? ‘टू’मध्ये ‘साठी’ आलेलंच आहे. तरी पोरांवर फार रागावू नका. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘फॉर टू’ सर्रास लिहीत आणि आयर्लंडकडच्या बोलीत ते अजून ऐकू येतं. फक्त परीक्षेत गुण मिळत नाहीत.

पण धागा म्हणतो तो हा नव्हे, तो याच्या पुढचा आहे. ‘वेचाले’ या शब्दात वेचणारी दिसत नाही. आणि ‘वेचाले गेली’ एवढंच म्हटलं तर काय वेचायला तेही दिसत नाही. आपल्याला दोन्ही माहीत असतं म्हणून अडत नाही. इंग्रजीतही तसंच. टू लावलेल्या प्रत्येक क्रियापदाला दोन प्रश्न विचारायचे: करणारा कोण? आणि कशावर करतो? ही दोन माणसं, म्हणजे कर्ता आणि कर्म, वाक्यात दुसरीकडे कुठे तरी लपून बसलेली असतात. ती सापडली की तुमच्या तिन्ही लाल गोलांचं उत्तर मिळतं. सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, याहून कामाची दुसरी युक्ती मला मिळालेली नाही.

विशेषणापासून सुरू करू, कारण खरी मजा तिथे आहे.

सातवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर लिहिलं, ‘द चिकन इज रेडी टू ईट.’ एकाने लगेच मराठी केलं, ‘कोंबडी खाले तयार हाय.’ मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, ‘काय खाते? ज्वारी?’ पहिल्याने वळून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याचं ताट कोणी ओढलं. ‘अबे, ते नाई खाऊन राह्यली, आपण खाऊन राह्यलो तिले!’ वर्ग हसला, पण मी दोघांनाही बरोबर म्हटलं. पहिल्याच्या डोक्यात कोंबडी ताटात होती, दुसऱ्याच्या डोक्यात अंगणात. इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ होतात आणि आपल्या मराठी वाक्याचेही तेच दोन होतात. एका अर्थात कोंबडी ‘कोण’चं उत्तर आहे, दुसऱ्यात ‘काय’चं.

‘रेडी’ हा शब्द दोन्हीकडे चालतो म्हणून घोटाळा. बहुतेक विशेषणं मात्र एका बाजूला उभी असतात. शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलावर दोन वाक्यं घ्या. ‘धिस बुल इज ईगर टू रन’ म्हणजे हा बैल पळायला उतावीळ आहे. पळणारा बैलच. ‘धिस बुल इज हार्ड टू कंट्रोल’ म्हणजे हा बैल आवरायला कठीण आहे. आवरणारा बैल नव्हे, आवरणारे आपण, आणि आवरला जातो तो बैल. वरवर दोन्ही वाक्यांचा सांगाडा एकच, आत मात्र बैलाने जागा बदलली. नोम चॉम्स्की या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हीच गोष्ट ‘ईगर टू प्लीज’ आणि ‘ईझी टू प्लीज’ या जोडीवरून दाखवली होती आणि वाक्याचा वरचा साचा बघून अर्थ कळत नाही हे त्यातून मांडलं होतं. आमच्या वर्गाला ते कोंबडीने शिकवलं.

ईगर, हॅपी, ग्लॅड, सॉरी, अफ्रेड, विलिंग, एबल ही मनाची किंवा ताकदीची विशेषणं. त्यांत वाक्याचा कर्ताच पुढचं काम करतो. ईझी, डिफिकल्ट, हार्ड, इम्पॉसिबल, डेंजरस, सेफ, प्लेझंट ही कामाची विशेषणं. वाक्याच्या सुरुवातीला जी वस्तू आहे तिच्यावर काम होतं. म्हणूनच ‘धिस बुक इज ईझी टू रीड इट’मधला तो शेवटचा ‘इट’ काढावा लागतो. ‘काय वाचायला सोपं?’ याचं उत्तर ‘धिस बुक’ पहिल्या शब्दातच येऊन बसलंय, त्याला पुन्हा शेवटी खुर्ची कशाला? आपणही ‘हे पुस्तक ते वाचायला सोपं आहे’ असं म्हणत नाहीच. या जागी मराठी आणि इंग्रजी सख्ख्या बहिणी आहेत. पोरं चुकतात ती मराठीमुळे नव्हे, तर ‘रीड’ला कर्म लागतं हे आपण त्यांना घोकून घेतलेलं असतं म्हणून.

करणारा कोण हे सांगायचंच असेल तर? ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू गेट अप अर्ली.’ इथे ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’ नाही, तो नुसता करणाऱ्याकडे बोट दाखवतो. ‘मला लवकर उठणं कठीण.’ पण ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू हेल्प.’ इथे ‘ऑफ’. का? मी पोरांना सांगतो, विशेषण उचला आणि माणसाला चिकटवून बघा. ‘यू आर काइंड’ म्हणता येतं, कारण मदत केलीस तर तूच भला ठरलास. मग ऑफ. ‘यू आर डिफिकल्ट’ म्हटलं तर अर्थच बदलतो, तो माणूस भांडकुदळ होतो. कठीण होतं ते काम. मग फॉर. काइंड, फूलिश, वाइज, केअरलेस, ब्रेव्ह यांना ऑफ. डिफिकल्ट, नेसेसरी, इम्पॉर्टंट यांना फॉर. आणि ‘गुड’ दोन्हीकडे जातो, तेव्हा अर्थ पालटतो. ‘इट वॉज गुड ऑफ यू टू कम’ म्हणजे आलात, बरं केलं. ‘इट इज गुड फॉर यू टू वॉक’ म्हणजे चालणं तुमच्या तब्येतीला बरं. पाहुण्याला दारात दुसऱ्या साच्यातलं वाक्य ऐकवलं तर त्याला वाटेल आपण त्याच्या ढेरीवर बोलतोय.

आता माझी स्वतःची फजिती. बी.एड. करून पहिल्यांदा नोकरीला लागलो, तेव्हा तापाने फणफणलो होतो म्हणून रजेचा अर्ज इंग्रजीत पाठवला. ‘आय अ‍ॅम नॉट पॉसिबल टू कम टू स्कूल.’ चौथ्या दिवशी शाळेत गेलो तर मुख्याध्यापकांनी अर्ज समोर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, ‘सर, तुम्ही अशक्य माणूस आहात हे समजलं. पण शाळेत येणार होते की नाही, ते काही लिहिलं नाही.’ अख्खी स्टाफरूम हसली. ‘मला येणं शक्य नाही’ यातल्या ‘मला’चं मी ‘आय’ केलं, आणि तिथेच फसलो. मराठीतही शक्य नसतं ते येणं, मी नव्हे. म्हणून ‘इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टू कम’, नाही तर सरळ ‘आय अ‍ॅम नॉट एबल टू कम’. आणि ‘पॉसिबल’चा आणखी एक वाकडेपणा: ‘धिस लॉक इज इम्पॉसिबल टू ओपन’ चालतं, पण ‘धिस लॉक इज पॉसिबल टू ओपन’ कानाला खटकतं. इथे धागा तुटतो. हे सरळ पाठ करायचं.

‘शुअर’वरही थोडं थांबतो. ‘ही इज शुअर टू विन’ आणि ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’ यात खात्री कोणाची? पहिल्यात बोलणाऱ्याची: तो जिंकणारच, मी सांगतो. त्याला स्वतःला कदाचित धाकधूक असेल. दुसऱ्यात खात्री त्याची स्वतःची, मग मी मनातल्या मनात हसत का असेना. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दुसऱ्या प्रकारचे उमेदवार जास्त दिसतात. ‘अफ्रेड’चंही जवळपास असंच. ‘अफ्रेड टू टच द वायर’ म्हणजे भीतीमुळे हात लावत नाही. ‘अफ्रेड ऑफ गेटिंग अ शॉक’ म्हणजे काय होईल याची भीती. हात लावणं आपल्या हातात आहे, शॉक बसणं नाही. जे आपण ठरवून करू किंवा टाळू शकतो तिथे टू.

‘टू हेवी टू लिफ्ट’. देवनागरीत हे दोन्ही टू जुळे दिसतात, पहिला दोन ओवाला आहे. ‘धिस ऑरेंज इज टू साउर टू ईट’: हे संत्रं इतकं आंबट की खाववत नाही. नकार शब्दात दिसत नाही, पण पोटात आहे. आणि परत शेवटी ‘इट’ नाही, कारण काय खायचं ते ‘ऑरेंज’ अगोदरच येऊन गेलं. आपण ‘खूप’ला ‘टू’ समजतो म्हणून ‘आय अ‍ॅम टू हॅपी टू मीट यू’ लिहितो. शब्दशः घेतलं तर ‘मी इतका खूश आहे की तुम्हाला भेटू शकत नाही’. तिथे ‘व्हेरी’. ‘इनफ’ मात्र विशेषणाच्या मागे जातो: ‘ओल्ड इनफ टू व्होट’. माझ्या मोठ्या भावाला हे वाक्य लागू व्हायला एकवीस वर्षं लागायची होती, १९८९ साली घटनादुरुस्तीने वय अठरावर आणलं आणि तो एका झटक्यात ‘ओल्ड इनफ’ झाला.

आता नाम. तुमच्या मुलांचं ‘डिसिजन ऑफ गोइंग’ कुठून आलं हे उघड आहे: ‘जाण्याचा निर्णय’. मराठीत इथे ‘ला’ नाही, ‘चा’ आहे. जाण्याचा निर्णय, बोलण्याची परवानगी, मदत करण्याचं वचन. पोरं ‘चा’चं ‘ऑफ’ करतात, त्यांचा दोष नाही. इथे बहिणी वेगळ्या नांदायला गेल्या.

मी यावर एक सोयरीक सांगतो. नामाचा बाप बघा. ‘डिसिजन’चा बाप ‘डिसाइड’, आणि डिसाइडला टू लागतो. तो गुण लेकीत उतरतो: डिसिजन टू गो. ‘रिफ्यूज टू पे’वरून ‘रिफ्यूजल टू पे’. ‘प्रॉमिस’, ‘अटेम्प्ट’ हे तर बाप-लेक एकाच रूपाचे. बाप विशेषण असेल तरी चालतं: ‘एबल टू स्वीम’वरून ‘एबिलिटी टू स्वीम’, ‘विलिंग’वरून ‘विलिंगनेस’. पण काही लेकी बापावर जात नाहीत. ‘होप टू विन’ बरोबर, तरी नाम झालं की ‘होप ऑफ विनिंग’. ‘पॉसिबल’ची ‘पॉसिबिलिटी’ही ऑफ मागते. आणि ज्यांचा टूशी संबंधच नाही, ते ‘हॅबिट’, ‘आयडिया’, ‘फिअर’ हे ऑफवाले: ‘द हॅबिट ऑफ गेटिंग अप लेट’. सोयरीक दहातल्या सात-आठ वेळा जुळते, उरलेल्यांची वहीच्या मागे यादी करायला लावतो.

दुसऱ्या प्रकारची नामं अशी, ज्यांना निर्णय-बिर्णयाशी देणंघेणं नाही, साध्या वस्तू आहेत. घर, पाणी, काम, पेन. ‘वर्क टू डू’: करायचं काम. ‘लेटर्स टू राइट’, ‘काऊज टू मिल्क’. इथे नाम ‘काय’चं उत्तर आहे. काय करायचं? काम. काय दोहायचं? गाय. नीट बसतं.

आणि मग येतं तुमचं ‘अ हाऊस टू लिव्ह’. काय राहायचं? घर? नाही, घरात राहायचं. मी पोरांना वाक्य उलटं करायला लावतो. नाम शेवटी न्या: ‘लिव्ह अ हाऊस’? नाही, ‘लिव्ह इन अ हाऊस’. मग तो ‘इन’ टाकून कसं चालेल? नाम पुढे पळालं तरी ‘इन’ आपल्या जागेवर बसून राहतो: ‘अ हाऊस टू लिव्ह इन’. ‘राइट विथ अ पेन’ म्हणून ‘अ पेन टू राइट विथ’. ‘सिट ऑन अ चेअर’ म्हणून ‘अ चेअर टू सिट ऑन’. ‘टॉक टू समवन’ म्हणून ‘समवन टू टॉक टू’, दोन्ही टोकांना टू, पण एकही फालतू नाही.

आपल्या पोरांचा हा ‘इन’ का गळतो तर मराठीत तो मुळातच गळतो. ‘राहायला घर’, ‘बसाले खुर्ची’, ‘लिहाले पेन’. घर-त, खुर्ची-वर, पेना-नं, हे सगळे प्रत्यय नाम पुढे आलं की हवेत विरतात आणि आपल्याला चुकल्यासारखंही वाटत नाही. इंग्रजीला हे जमत नाही. मी वर्गात एक पोरगा उभा करतो, त्याचं नाव ‘इन’. दुसरीच्या हातात ‘हाऊस’ची पाटी देतो. ‘हाऊस’ फळ्याकडे पळते, ‘इन’ला हलायचं नाही असं बजावतो. महिनाभराने पेपर तपासताना ज्यांच्या वह्यांत ‘इन’ जागेवर आहे ती त्या तासाची पोरं. एवढं चित्र पुरतं.

एक सूट: प्लेस, टाइम आणि वे या तीन शब्दांपुढे असा उरलेला इन-बिन बहुतेक वेळा टाकून देतात. ‘अ प्लेस टू लिव्ह’ अगदी बरोबर. चुणचुणीत पोरगं हे उदाहरण कुठून तरी आणून तुम्हाला अडवेल, म्हणून आधीच सांगून ठेवा.

तिसऱ्या तऱ्हेत नाम स्वतःच करणारं असतं. ‘समवन टू हेल्प मी’: मदत करणारं कोणी तरी. आणि फर्स्ट, लास्ट, ओन्ली यांच्यामागे हे हमखास येतं. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. त्या अगोदर आपल्या अमरावतीच्या खासदार होत्या, त्यामुळे हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितो: ‘शी वॉज द फर्स्ट वूमन टू बिकम प्रेसिडेंट ऑफ इंडिया.’ मराठीत आपण ‘होणारी पहिली स्त्री’ किंवा ‘झालेली पहिली स्त्री’ म्हणतो, ‘व्हायला’ म्हणत नाही. म्हणून पोरं ‘फर्स्ट वूमन हू बिकेम’ लिहितात. ते चूक नाही, कापू नका. पण टूवालं जास्त आटोपशीर.

विळ्याचं एक उदाहरण देऊन नामाला रजा देतो, कारण इथे मराठी इंग्रजीपेक्षा आधी सावध झाली आहे. ‘हा विळा गवत कापायचा आहे’ आणि ‘मी गवत कापायला विळा घेतला’. पहिल्यात विळ्याचा धर्म सांगितला, दुसऱ्यात माझा हेतू. इंग्रजीतही ‘धिस सिकल इज फॉर कटिंग ग्रास’ आणि ‘आय टुक द सिकल टू कट ग्रास’. वस्तू कशाची ते सांगताना फॉर आणि आयएनजी, माणूस कशाला गेला ते सांगताना टू. ‘आय वेंट टू मार्केट फॉर बायिंग सीड्स’ इथे चुकतं. पोराला विचारायचं, तू ‘बियाणं घ्यायचा’ गेला की ‘बियाणं घ्याले’ गेला?

आता प्रेपोझिशन. मूळ नियम कडक आहे: प्रेपोझिशनच्या लगेच मागे टूवालं क्रियापद येत नाही, आयएनजीवालं येतं. ‘विदाउट ईटिंग’, ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’, ‘केपेबल ऑफ डुइंग’. कारण परत इतिहासात आहे. टू हा स्वतःच जुना प्रेपोझिशन. ‘घरातला’ म्हणता येतं पण ‘घरातवर’ म्हणता येतं का? ‘अबाउट टू’ हा याला नातेवाइकासारखा अपवाद: ‘द बस इज अबाउट टू लीव्ह’, यष्टी सुटायच्या बेतात आहे. ‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’ही अपवाद, पण त्यांच्यामागे बहुतेकदा टूसुद्धा गळतो: ‘ही डिड नथिंग बट क्राय’.

मग ‘इन अ हरी टू लीव्ह’ कसं चालतं, तिथे ‘इन’ नाही का? आहे, पण ‘इन’ने ‘अ हरी’ला धरलंय, आणि ‘टू लीव्ह’ला पुढे ‘हरी’ने धरलंय. तीन जणं एकमेकांचा हात धरून उभी. हा अख्खा समूह एका विशेषणासारखा वागतो: घाईत असलेला. ‘इन अ पोझिशन टू हेल्प’, ‘इन नो मूड टू लिसन’, ‘अ‍ॅट अ लॉस टू एक्स्प्लेन’, ‘इन टाइम टू कॅच द लास्ट बस’. आणि आपल्या इथलं, खेडा खरेदीच्या, म्हणजे व्यापारी गावात येऊन कापूस घेतात त्या, हंगामात रोज बघायला मिळणारं: ‘द फार्मर इज अंडर प्रेशर टू सेल हिज कॉटन’. दुकानदाराचं देणं, मजुरीचं देणं, घरात गंजी लावायला जागा नाही, म्हणून कास्तकार भाव न बघता कापूस देऊन टाकतो. हे वाक्य मी नववीत दिलं तेव्हा एका पोरीने ‘प्रेशर’चं मराठी ‘गरज’ केलं. मी विचारलं, ‘दबाव’ काहून नाही? म्हणाली, ‘दबाव म्हंजे कोणी तरी दाबते, सर. बाबाले तं कोणीच नाई दाबत, तरी विकाच लागते.’ मी तिचं ‘गरज’ बरोबर धरलं. ‘टू सेल’चा करणारा कोण, हे तिला फळ्यावर शोधावं लागलं नाही.

करणारा वेगळा असेल तर इथेही तोच ‘फॉर’ मदतीला येतो. ‘आय अ‍ॅम वेटिंग फॉर द बस टू कम’: थांबलोय मी, येणार बस. ‘इट इज टाइम फॉर द चिल्ड्रन टू गो होम’: पोरांची घरी जायची वेळ. हा ‘फॉर’ विसरला की पोरं ‘आय अ‍ॅम वेटिंग द बस टू कम’ लिहितात.

काळ-वेळ सांगणारे शब्दसमूह कुठे ठेवायचे यावरही भांडण होऊ शकतं. ‘ही डिसायडेड टू सेल द बुलक ऑन मंडे.’ सोमवारी ठरवलं की सोमवारी विकणार? मराठीतही ‘त्याने सोमवारी बैल विकायचं ठरवलं’ दुहेरीच आहे. इंग्रजीत ‘ऑन मंडे’ उचलून ‘डिसायडेड’च्या शेजारी नेला की वाद मिटतो.

हेतूवर जोर द्यायचा तर ‘इन ऑर्डर टू’, ‘सो अ‍ॅज टू’. साध्या वाक्यात हे लागत नाहीत, नुसता टू पुरतो. नकार असेल तेव्हा मात्र घ्या: ‘आय लेफ्ट अर्ली सो अ‍ॅज नॉट टू मिस द बस’. बस चुकू नये म्हणून.

आता शेवटचं आणि सगळ्यात फसवं. काही टू हे आपले ‘ले’ नाहीतच, ते अजून जुन्या काळातले ‘कडे’च आहेत. त्यांच्यामागे नाम लागतं, आणि क्रियापद आलंच तर नामाचा वेष घालून, आयएनजी लावून. ‘यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’: लवकर उठण्याची सवय असलेला. ‘अपोज्ड टू सेलिंग द लँड’: जमीन विकण्याच्या विरोधात. ‘विथ अ व्ह्यू टू बायिंग’: विकत घ्यायच्या विचाराने. ओळखायचं कसं? टूच्या मागे ‘इट’ ठेवून बघा. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू इट’ नीट बसलं, म्हणजे हा ‘कडे’वाला. ‘आय वाँट टू इट’ बसलं नाही, म्हणजे हा ‘ले’वाला. पोरांना ही चाचणी एका मिनिटात येते, मोठ्यांनाच वेळ लागतो, कारण मोठ्यांच्या हाताला जुनी सवय असते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. आपल्यातले बरेच जण त्याआधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले, अर्जाचे नमुने पाठ करून पास झालेले, आणि त्या नमुन्यांत अशा ‘कडे’वाल्या टूमागे आयएनजी न लावायची चूक छापलेलीच असायची.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवर ही ‘इट’ची चाचणी लावून बघा, ताई. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ बसतंय. म्हणून ‘हिअर’चं ‘हिअरिंग’ करून घ्या.